माळावरचं उन्हाचं घर

वैशाखऱ्याला एसटीतून उतरून माळशेजकडे तोंड केलं, की डाव्या हाताला एक पाऊलवाट चढते. त्या वाटेनं गेलं की अनंताचा पाडा. अनंताकडे काही मागायला गेलेला माणूस हात हलवत परत आला, असं तुम्हाला पाड्यात कुणी सांगणार नाही. कुणाला शिडी हवी असायची, कुणाला बैलजोडी, कुणाला मांडवाला चार वासे. अनंता मान डोलवायचा आणि माणूस गेल्यावर बायकोच्या शिव्या खायचा. "मान दिलीय देवानं या मानसाला, पन नुसती खालीवर कराया. आडवी म्हनून फिरत नाय ती," असं सकुबाई चारचौघांत म्हणायची. अनंता त्यालाही मान डोलवायचा, आणि मग तिचं आणखी डोकं फिरायचं.

तसा तो कामाला वाघ. पावसाळ्यात खाली भात, वरच्या उतारावर नाचणी. भात लावून झालं की घाटाच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात तो कांदाभजी तळायला जायचा. मुंबईहून धबधब्याखाली भिजायला आलेली मंडळी कुडकुडत त्याच्या कढईभोवती जमायची, कुणी बुटानिशी बाकावर चढायचं, कुणी पैसे न देताच गाडीत बसायचं. मालक अनंतावर ओरडायचा. अनंताला कुणामागे धावून पैसे मागता यायचे नाहीत, हे मालकालाही ठाऊक होतं, तरी ओरडायचा.

पण हा माणूस खरे हात टेकायचा तो घरी, आईपुढं. धोंडीबाईला दमा होता. दिवसा ती बरी असायची, निदान जिभेनं तरी. सुनेला, नातवाला, कोंबड्यांना, सगळ्यांना पुरून उरायची. दिवस मावळला आणि चूल पेटली की तिचा खोकला सुरू व्हायचा. घर कारवीच्या कुडाचं, एका खणाचं, वर कौलं. धुराला बाहेर जायला वाट अशी नव्हतीच. मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हातारीला चुलीपासून लांब ठेवा. अनंतानं मान डोलवली आणि एसटीत बसून वैशाखऱ्याला येईपर्यंत तो विचार करत राहिला, की एका खणाच्या घरात चुलीपासून लांब म्हणजे नेमकं कुठं? पडवीत झोपवावं तर थंडी, आत झोपवावं तर धूर. शेवटी ती आपली जुन्याच जागी झोपायची. ती खोकायची आणि अनंता पलीकडे डोळे उघडे ठेवून पडायचा. अशी किती वर्षं गेली ते त्यानं मोजलं नव्हतं.

अनंताला एकच मुलगा, जीवन. आश्रमशाळेत शिकला, मुरबाडला बारावी झाला आणि कल्याणकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. पाड्यातून तिथवर पोचलेला तो पहिलाच. दोन हजार आठच्या दिवाळीत तो घरी आला तो एकटा नव्हता. सोबत कमळाकर सर म्हणून त्यांचे प्राध्यापक होते आणि स्नेहल नावाची एक मुलगी होती. ती त्यांच्या गटाची प्रमुख. पोरगी आणि प्रमुख, हे ऐकून धोंडीबाईनं तिला जवळ बसवून घेतलं आणि तिच्या हाताला हात लावून बघितला, काम केलेला हात आहे का म्हणून. होता.

स्नेहलनं समजावून सांगितलं ते असं. युरोपात एक स्पर्धा होती. देशोदेशीच्या कॉलेजांनी एकेक घर बांधायचं, फक्त सूर्याच्या उन्हावर चालणारं. दिवे, पंखा, फ्रिज, स्वयंपाक, सगळं छपरावरच्या पाट्यांमधून येणाऱ्या विजेवर. मग ते घर सुटं करायचं, जहाजानं तिकडं न्यायचं, पुन्हा जोडायचं आणि तिथं राहून दाखवायचं. त्याआधी इथं एकदा पुरतं बांधून बघायला हवं, पण कॉलेजच्या आवारात सगळीकडे इमारतींच्या सावल्या. मोकळं ऊन हवं आणि ट्रक येईल अशी जागा हवी.

"बा, आपला माळ हाय ना रस्त्यालगत," जीवन म्हणाला.

अनंतानं मान डोलवली. या खेपेला सकुबाईसुद्धा काही बोलली नाही. पोराचं काम होतं.

माघात घर उभं राहायला लागलं. पाड्याला तेवढी करमणूक पुरली. भिंती म्हणजे प्लायवूडच्या जाड पेट्या आणि त्यांच्या आत ठासून भरलेला भाताचा तूस, म्हणजे बाहेरची आग आत येऊ नये आणि आतला गारवा बाहेर जाऊ नये. तूस अनंतानंच गिरणीतून पोत्यानं आणून दिला. प्रत्येक पेटीवर रंगानं नंबर घातलेला. बारा नंबरच्या पेटीत पोरांनी एक छोटा कोनाडा ठेवला होता, पुस्तकं ठेवायला. छपरावर काळ्याशार पाट्या चढल्या तेव्हा बायका पाण्याचे हंडे खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या. "हे घर ऊन खातंय गो," असं कुणीतरी म्हणालं आणि त्या दिवसापासून त्याला सगळे उन्हाचं घर म्हणायला लागले. भारनियमनाचे दिवस होते ते. संध्याकाळी सगळा पाडा काळोखात बुडालेला असायचा आणि माळावर ते एक घर लख्ख दिसायचं. घाटातून उतरणारे ट्रकवाले तिथं हॉटेल आहे समजून थांबायचे.

घराला दार बसलं त्या दिवशी धोंडीबाई काठी टेकत माळावर आली. तिनं घराला एक फेरी मारली आणि विचारलं, "भरनी कवा?"

आता हे त्या पोरांना कुठं ठाऊक असणार? पाड्यात घर उभं राहिलं की त्याची भरणी करतात. नारळ फुटतो, दूध उतू जातं, घरच्या देवांना नव्या घरात आणून बसवतात आणि मगच माणूस आत झोपतो. न भरलेलं घर तसंच ठेवलं तर त्यात दुसरंच काहीतरी येऊन राहतं, यावर सगळ्यांचा विश्वास. धोंडीबाईच्या लेखी तिच्या मुलाच्या जमिनीवर, तिच्या नातवानं बांधलेलं हे घर होतं. त्याला दार होतं, छप्पर होतं. मग त्याची भरणी होणार नाही, असं कसं?

स्नेहल तर हरखलीच. "हो हो आजी, करा ना! आम्ही शूटिंग करू, तिकडे दाखवता येईल." कमळाकर सरांनाही कल्पना आवडली. जीवन त्या वेळी छपरावर वायरी जोडत होता. त्यानं खाली बघितलं, हसला आणि पुन्हा कामाला लागला. अनंताला मात्र एकदा वाटलं, की आईला सांगावं, हे घर दोन महिन्यांनी खोलायचंय. पण ती एवढी खुशीत होती, पोरं एवढी नाचत होती, की कुणाचा विरस करायचा हे त्याला ठरवता येईना. आणि खरं सांगायचं तर ते घर खोलणार, हे त्यालाही नुसतं कानानं ठाऊक होतं. एवढं पक्कं उभं राहिलेलं घर कुणी खोलतं, यावर मन बसत नव्हतं.

भरणी झाली. दुधावरून जरा घोळ झाला. त्या घरातली चूल काचेची आणि शहाणी. दूध वर आलं की ती आपोआप बंद व्हायची. धोंडीबाई पातेल्यापुढं बसून राहिली आणि दूध काही उतू जाईना. "ही कसली रांड चूल!" म्हणून ती खवळली. पोरं वायरी उलटसुलट करत बसली आणि अखेर दूध भस्सकन उतू गेलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गोमा भगत पुढं झाला. पाड्यातलं देवाधर्माचं तोच बघायचा. त्यानं धोंडीबाईच्या घरातले देव, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे ते चांदीचे झिजलेले टाक, फडक्यातून आणले आणि बारा नंबरच्या पेटीच्या कोनाड्यात बसवले. पुस्तकं आलीच नव्हती अजून.

पुढं पोरांच्या परीक्षा आल्या. आता स्पर्धेचा नियम असा, की घर नुसतं उभं राहून चालत नाही, त्यात कुणीतरी राहावं लागतं. आतली गरमी किती, हवा किती शुद्ध, वीज किती लागली, हे भिंतीतलं एक यंत्र टिपून ठेवतं. पोरं नाहीत तर राहणार कोण? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग धोंडीबाईकडे बघितलं. तिनं गोधडी आधीच आणून ठेवली होती.

पहिल्याच पहाटे अनंता दचकून उठला. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, की खोकला नाही. तो तसाच धावत माळावर गेला. दार ढकललं. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, तोंड किंचित उघडं, छाती संथ खालीवर. धूर नाही, ओल नाही, कोपऱ्यातला तो पंखा हवा आतबाहेर करतोय. अनंता दारात खाली बसला आणि उन्हं वर येईपर्यंत तिचा श्वास ऐकत राहिला. इतका आनंद त्याला जीवन बारावीला पहिला आला तेव्हाही झाला नव्हता.

चैत्र गेला, वैशाख लागला. धोंडीबाईच्या अंगावर जरा मांस आलं. ती बायकांना बोलावून फ्रिजमधलं गार पाणी पाजायची आणि वर दम द्यायची, की झाकण लगेच लावा, थंडी बाहेर जाते. संध्याकाळी देवांपुढं तिचा दिवा लागायचा. सकुबाई खालच्या घरातून भाकरी घेऊन यायची आणि सासूच्या गाद्यागिरद्यांवरून टोमणे मारायची, पण तिलाही बरं वाटत होतं. आता रात्री सगळं घर झोपत होतं.

वैशाखाच्या शेवटी स्नेहल यंत्रातले आकडे न्यायला एकटीच आली. अनंतानं तिच्यापुढं करवंदांचा द्रोण ठेवला आणि बऱ्याच वेळानं, उगाच विचारावं तसं विचारलं, "दिवाळीपातूर येल ना परत घर?"

"परत?" स्नेहल म्हणाली. "नाही काका, ते तिकडेच राहणार. परत आणायला पैसे कोण देणार? चांगली घरं ते लोक एका बागेत मांडून ठेवतात, बाकीची मोडीत काढतात." मग अनंताचा चेहरा बघून ती थांबली. "जीवननं सांगितलं नाही तुम्हाला?"

अनंतानं मान डोलवली. सांगितलं की नाही सांगितलं, यातलं काहीही त्यातून कळण्यासारखं नव्हतं. स्नेहलनं तोंडाकडे नेलेलं करवंद पुन्हा द्रोणात ठेवलं.

मोबाईलला रेंज यायची ती फक्त पलीकडच्या बांधावर. अनंता बांधावर जाऊन उभा राहिला आणि त्यानं जीवनला फोन लावला. पोरगा म्हणाला, "सांगणारच होतो बा. आजी तिथं झोपतेय बघून तोंड उघडेना. तू आत्ता नको सांगू तिला. मला नोकरी लागू दे, मी तस्संच बांधून देईन." पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याला तसं खरोखरच वाटत होतं, आणि त्यामुळंच अनंताला त्याच्यावर रागावताही येईना.

बरं, सांगायचं तरी काय? आईला खरं सांगितलं तर ती घरातून हलणार नाही, हे त्याला दिसत होतं. ती हलली नाही तर घर जाणार नाही, जहाज चुकणार, आणि एवढ्या पोरांची दोन वर्षं मातीत. त्यात त्याच्या स्वतःच्या पोराला सगळ्या कॉलेजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नाही सांगितलं तर आई पुन्हा त्या धुरात, आणि वर वाट बघत. तो दिवसभर उतारावर रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून राब भाजत फिरला. रोज ठरवायचा, आज सांगू. रोज संध्याकाळी आई फ्रिजमधलं पाणी पुढं करायची आणि तो ते पिऊन परत यायचा.

ज्येष्ठ लागताना ट्रक आला. माळाच्या कडेला पोरं नट खोलायचे पाने आणि दोऱ्या घेऊन उभी. धोंडीबाईला घर परदेशी जाणार एवढं सांगितलेलं होतं. लग्नाला जावं तसं घर जाईल आणि येईल, असं तिनं मनाशी धरलं होतं. तिनं गोधडी घडी करून सकुबाईच्या हातात दिली. मग म्हणाली, "देवांना इचारा आदी. बसवलेत, तर इचारल्याबिगर उठवायचं नाय."

गोमा भगत सुपात तांदूळ घेऊन कोनाड्यापुढं बसला. त्याची रीत अशी, की देवाचं नाव घ्यायचं, चिमूटभर दाणे उचलायचे आणि जोड्या लावायच्या. सगळ्या जोड्या पुऱ्या लागल्या तर देव उठायला राजी. एक दाणा सुटा राहिला तर नाही. गोमानं चिमूट घेतली. जोड्या लावल्या. एक दाणा राहिला.

"पुन्यांदा बग," कुणीतरी म्हणालं. पुन्हा एक राहिला. गोमानं हात धुतले, नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं, पोरांच्या वतीनं चुकलंमाकलं पदरात घे म्हणून विनवलं. तिसऱ्यांदा पुन्हा एक राहिला.

ट्रकचा ड्रायव्हर बिडी विझवून आत डोकावला आणि तसाच मागं झाला. कमळाकर सर भले गृहस्थ. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही की घड्याळ दाखवलं नाही, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता. स्नेहल हळूच जीवनला म्हणाली, "आपणच उचलून ठेवायचे का?" जीवननं आडवी मान हलवली. तो इंजिनिअर व्हायला निघाला होता, तरी त्या टाकांना हात लावायची त्याची छाती झाली नाही.

तोडगा काढला तो धोंडीबाईनंच. ती कोनाड्यासमोर बराच वेळ बसून होती. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "देव उठाया तयार नाय, तं नगं उठवू. त्यांना घर आवडलंय. जाऊं दे त्यांना बी घरासंगती. कोनाडा तसाच पॅक करा. घर येल परत, तसं देव बी येतील. मी राहीन तवर खालच्या घरात, काय व्हतंय?"

पोरांनी सुटकेचा श्वास टाकला. गोमालाही ते पटलं. असं कधी झालं नव्हतं, पण घर तरी असं कधी कुठं चालत गेलं होतं?

धोंडीबाई अनंताकडे वळली. "परत येल ना रं घर?"

घर परत येणार नाही हे पोरांनाही ठाऊक होतं, सरांनाही. स्नेहल बाहेर बघायला लागली. जीवननं हातातला पाना खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. अनंतानं पोराकडे बघितलं, पोरानं बापाकडे बघितलं. अनंता आता खरं बोलला असता तर देव राहिले असते. पण मग पोराचं सगळं गेलं असतं. तोंड उघडलं तेव्हाही आपण काय म्हणणार आहोत हे त्याला कळलेलं नव्हतं.

"येल," तो म्हणाला.

जीवननं देवांवर नवं फडकं घातलं आणि कोनाड्यावर एक फळी ठेवून स्क्रू पिळले. बाहेर ट्रकपाशी मालाची यादी करणाऱ्यानं सरांना विचारलं, पेटीत हे जास्तीचं काय आहे, यादीत काय म्हणून दाखवायचं? सरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "सजावट लिहा." संध्याकाळपर्यंत माळ मोकळा झाला. घराच्या जागी गवत पिवळं पडलेलं होतं, तेवढीच खूण.

पावसाळा आला. कुडाला ओल चढली, ओली लाकडं धुमसायला लागली आणि धोंडीबाईचा खोकला परत आला, सगळं मागचं राहिलेलं भरून काढत. अनंता पुन्हा डोळे उघडे ठेवून पडायला लागला. मध्येच खोकल्याची ढास थांबली की आई विचारायची, "कुठवर ग्येलं जहाज?" आणि अनंता सांगायचा, "हाय अजून समुद्रात." जहाज कधीच पोचलं होतं. देव्हाऱ्यात देव नव्हते, तरी ती रिकाम्या पाटावर दिवा लावायची. बायका विचारायच्या, आजी, देव कुठं गेलं? "गावाला," ती म्हणायची. "ऊन पडलं की येतील." नवरात्रात घट बसवायचा तर देवच नाहीत. तिनं कुणाला शेजारून टाक आणू दिले नाहीत. नऊ दिवस नुसता दिवा तेवला.

भाद्रपदात जीवनचा फोन आला होता. अनंता पावसात डोक्यावर इरलं घेऊन बांधावर उभा होता. घराला बक्षीस मिळालं होतं, सगळ्यात मोठं नव्हे, पण घरातली हवा चांगली ठेवल्याबद्दलचं. म्हणजे आजी झोपली त्या हवेचं. पोरगा ओरडून सांगत होता आणि मागं टाळ्यांचा आवाज येत होता. "बागेत ठेवतायत बा आपलं घर! शाळेतली पोरं बघाया येतात!"

"आन देव?" अनंतानं विचारलं.

"कोनाड्यातच आहेत. लोक फोटो काढतात." जीवन जरा थांबला. "आणू का येताना? की तिथंच राहू देऊ?"

अनंताच्या इरल्यावरून पाणी ओघळत होतं. देव आणले तर आई बघता क्षणी ओळखणार, की घर आता येत नाही. नाही आणले तर पिढ्यान्‌पिढ्यांचे देव परक्या बागेत, कुणाच्या ना कुणाच्या कॅमेऱ्यासमोर. त्याला वाटलं, कुणीतरी मोठ्या माणसानं यावं आणि आपल्याला सांगावं, की अनंता, असं कर. पण घरातला मोठा तोच होता.

"तुला काय वाटल तं कर," तो म्हणाला आणि बॅटरी संपल्यासारखा फोन बंद केला.

दसऱ्यानंतर जीवन आला. कल्याणहून जीपनं आला, अंगात नवं जाकीट, हातात चॉकलेटचे पुडे. पाड्यातली पोरं भोवती जमली. धोंडीबाई पडवीत बसली होती. उठून उभी राहायला तिला कुडाचा आधार घ्यावा लागला. जीवननं तिला वाकून नमस्कार केला, पाठीवरची पिशवी उघडली आणि आतून एक टी-शर्ट काढला, नीट घडी घातलेला. तो त्यानं जमिनीवर पसरला. आत टाक होते.

"बघ आजी," तो म्हणाला, "सामानात नाही टाकले. विमानात मांडीवर घेऊन आलो."

धोंडीबाईनं खाली बघितलं. हात पुढं केला नाही. "कुनी उठवलं यांना?"

"मीच."

"दानं कुनी बगितलं?"

जीवनच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं. मग त्यानं सगळं सांगितलं. बाग, शाळेची पोरं, घराशेजारची पाटी, त्या पाटीवर वैशाखऱ्याचं नाव. ती शेवटपर्यंत ऐकत होती. सकुबाईनं तोंडाला पदर लावला. तिलाही हे आत्ता कळत होतं.

मग धोंडीबाई अनंताकडे वळली. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"तुला ठाव व्हतं?"

अनंतानं मान खाली घातली.

"कवापासनं?"

"गाडी आली त्याच्या आदीपासनं," तो म्हणाला.

धोंडीबाईला ढास लागली. ती खोकत राहिली, सकुबाईनं पाणी दिलं ते तिनं हातानं बाजूला केलं. ढास ओसरली तेव्हा ती खाली बसली, देवांच्या समोर, आणि म्हणाली, "सांगायचं व्हतंस रं मला. पोराचं काम हाय म्हनला असतास, तं मी त्याच दिशी उठले असते. मी काय लहान हाय? घर काय, माज्या छातीचं काय, आज हाय उद्या नाय." तिनं टी-शर्टाची एक सुरकुती बोटानं सरळ केली. टाकांना बोट लागू दिलं नाही. "पन देवांना मी धाडलं नसतं. इथंच सुपात दानं घेऊन बसले असते, चार दिस, आठ दिस. राजी व्हईस्तवर."

जीवन रडायला लागला. एवढा वाढलेला पोरगा, परदेश बघून आलेला, जाकिटाच्या बाहीनं नाक पुसत रडत होता. धोंडीबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. अनंताकडे तिनं पुन्हा बघितलं नाही, आणि तेवढी शिक्षा त्याला पुरेशी होती.

"जा," ती म्हणाली. "गोमाला बोलव. यांना कुठं बसायचंय ते इचारू दे."

अनंता निघाला. गोमाचं घर बांधापलीकडे, हाकेच्या अंतरावर. भात कापणीला आलं होतं, बांधावरून नीट चालता येत होतं. अर्ध्या वाटेवर तो थांबला. मागून आईचा खोकला येत होता. पुढं गोमा अंगणात बसलेला दिसत होता, त्यानं हात वर करून हाक मारली. अनंताला पाऊल पुढं टाकता येईना. जुन्या घरात बसायला देव राजी झाले नाहीत, सुपात पुन्हा एक दाणा सुटा राहिला, तर त्यांना न्यायचं कुठं, हे गोमानं विचारलं असतं तर अनंताकडे सांगायला जागाच नव्हती.